घरच्या फुलांचं बी: तोडायचं कधी, वाळवायचं कसं आणि द्यायचं कुणाला

कुणीतरी प्रेमाने पुडी देतं, आपण ती जपून ठेवतो, पावसाच्या तोंडावर पेरतो आणि कुंडीत काही म्हणता काही उगवत नाही. मग दोष मातीला, कोकोपीटला, नाहीतर ‘माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत’ या ठरलेल्या वाक्याला. खरं तर बहुतेक वेळा बी पुडीत येण्याआधीच वाया गेलेलं असतं. एक तर ते कच्चं तोडलेलं असतं, नाहीतर ओलं बांधलेलं. मुंबईत दुसरा प्रकार जास्त, कारण इथे हवाच वर्षातले चार महिने ओली असते आणि उरलेल्या काळातही ती कधी पुण्यासारखी कोरडी होत नाही.

म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा. आधी निवडून मग वाळवलं, किंवा वाळायच्या आत डबा बंद केला, की पुढची सगळी मेहनत फुकट.

## 1. आधी ठरवा, कशाचं बी घ्यायचंच नाही

मोगरा, गुलाब, जास्वंद, बोगनवेल, शेवंती यांच्या बियांच्या मागे लागू नका. यांची फांदी, कलम किंवा मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) लावतात. निशिगंधाचा कंद आणि सोनटक्क्याचा गड्डा लावतात. सोनचाफ्याला बी धरतं, पण ते साठवायचं बी नाही, ताजंच पेरावं लागतं.

ग्रिलमध्ये, बाल्कनीत किंवा गच्चीवर सहज बी देणारी फुलं म्हणजे झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, गोकर्ण, गुलबक्षी, सदाफुली, चिनी गुलाब, कोंबडा, सूर्यफूल, गणेशवेल आणि अबोली. नवख्याने सुरुवात गोकर्ण आणि गुलबक्षीपासून करावी. दोन्हीचं बी मोठं असतं, हाताला लागतं आणि पिकलं की नाही हे डोळ्यांना कळतं.

आता संकरित बियाण्याबद्दल. विकतच्या पाकिटावर ‘एफ-1’ (म्हणजे दोन जातींच्या संकराची पहिली पिढी) असं छापलेलं असेल, तर त्या झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फूल मिळणार नाही. झाड येईल, फूलही येईल, पण कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी भरगच्च, कुणी चार पाकळ्यांचं. घरी गंमत म्हणून पेरायला हरकत नाही. पण ‘हे माझ्याकडचं मोठं पिवळं’ असं सांगून दुसऱ्याला देऊ नका. पिटुनियाची रोपं नर्सरीतून आणली असतील तर ती बहुधा याच जातीतली असतात.

थांबा: दसऱ्याच्या तोरणातला झेंडू सुकवून त्याचं बी वाटण्याची पद्धत घरोघरी आहे. ते फूल बाजारासाठी कोवळं, टवटवीत असतानाच तोडलेलं असतं. आतलं बी भरायला फूल उमलल्यावर साधारण महिना-सव्वा महिना झाडावर राहावं लागतं. तोरणातल्या काही बिया रुजतात, नाही असं नाही. पण त्यांचं मूळ संकरित होतं की नाही हे दादरच्या फूलबाजारातला विकणारासुद्धा सांगू शकणार नाही. ते बी स्वतःच्या कुंडीत पेरा, दुसऱ्याला देऊ नका.

## 2. फूल राखून ठेवा

हंगाम संपत आला, झाड थकलं, मग शेवटच्या चार मरतुकड्या फुलांचं बी धरायचं, हा नेहमीचा क्रम आहे आणि तो उलटा आहे. झाड जोमात असताना, पहिल्या-दुसऱ्या बहरातलं सगळ्यात चांगलं फूल बियांसाठी सोडायचं. आणि तेही निरोगी झाडावरचं. पानांवर भुरी आलेली, पानं आकसलेली किंवा पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची झाडं बियांसाठी बाद. काही रोग बियांबरोबर पुढच्या घरी जातात.

राखलेल्या फुलाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधा. हे झाडासाठी नाही, घरच्यांसाठी आहे. सकाळी पूजेची फुलं तोडणाऱ्या हाताला गोकर्णाचं बियांचं फूल आणि शंकराला वाहायचं फूल यात फरक दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही करू नये. ‘धागा बांधलेल्याला हात लावायचा नाही’ एवढंच सांगून ठेवा.

तेरड्याचं तर आणखी वेगळं. गौरीसाठी तेरडा मुळासकट उपटतात आणि नेमका तेव्हाच त्याला बोंडं धरायला लागलेली असतात. घरच्या तेरड्याचं बी हवं असेल तर गौरीचा तेरडा बाजारातून आणा आणि कुंडीतली दोन झाडं सोडा. तेरड्याचा रंग तीन दिवस असेल, पण त्याची बोंडं पिकायला काही आठवडे लागतात.

रंग शुद्ध ठेवायचा असेल तर जवळजवळ दोन रंग लावू नका. झेंडू आणि झिनियात मधमाश्या सहज सरमिसळ करतात, त्यामुळे शेजारी लाल आणि पिवळा झिनिया असेल तर पुढच्या वर्षीचा रंग देवाच्या हवाली. गोकर्ण बऱ्याच अंशी स्वतःचंच परागण करून घेतं, म्हणून निळ्या दुहेरी गोकर्णाचं बी बहुतेक वेळा निळं दुहेरीच निघतं. एवढ्याशा ग्रिलमध्ये अंतर राखणं शक्य नसतं, तेव्हा सरळ पुडीवर ‘मिश्र रंग’ लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

तपासा: राखलेलं फूल पावसात भिजतंय का? झाडावर पिकत आलेलं बी सतत भिजलं तर त्याला बुरशी येते, कधीकधी ते जागच्या जागी रुजतं. कुंडी आत घ्या किंवा ग्रिलच्या छपराखाली सरकवा. बोंड पिकायला लागलं की पाणीही थोडं कमी करा.

## 3. पिकलं कसं ओळखायचं

‘फूल सुकलं म्हणजे बी तयार’ हे अर्धंच खरं. पाकळ्या सुकतात आधी, बी भरतं नंतर. प्रत्येक फुलाची खूण वेगळी असते.

झेंडू आणि झिनिया. झेंडूचं फूल पूर्ण तपकिरी होऊ द्या, खालचा हिरवा पेलाही वाळू द्या. मग पाकळ्यांचा झुबका चिमटीत धरून हलकेच ओढा. प्रत्येक पाकळीच्या टोकाला लांबट, काळी काडी येते, वरच्या अंगाला फिकट गवती रंगाची. काळा भाग कडक आणि किंचित फुगीर असेल तर बी भरलंय. फिकट, चपटा, नखाने दुमडणारा असेल तर तो फोल. झिनियात बाहेरच्या पाकळ्यांच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं रुंद बी असतं, मधल्या भागातलं अरुंद आणि चपटं. दोन्ही चालतात, फक्त दोन नखांत दाबून आत काही आहे का बघा. झिनियात फोल फार निघतात, घाबरू नका.

कॉसमॉस. बारीक, वाकडं, तपकिरी बी चहूबाजूंनी उघडून पसरलं की ते दुसऱ्या दिवशी खाली पडलेलं असतं. पसरायला लागलं की लगेच तोडा.

गोकर्ण. शेंग हिरवीची पिवळसर, मग कागदासारखी तपकिरी होते. कानाशी धरून हलवा, आत खुळखुळ वाजली की तोडा. त्यानंतर आठवडाभर ठेवलीत तर उन्हाने शेंग पीळ घेते, फटकन उघडते आणि बिया खालच्या मजल्यावर.

गुलबक्षी. एका फुलाला एकच बी. आधी हिरवं, मग काळं आणि खरखरीत. बोटाने नुसतं हलवल्यावर हातात पडलं तरच घ्या, ओढून काढलेलं कच्चं असतं.

सदाफुली. इथे खरी परीक्षा. फूल गळाल्यावर पानांच्या बेचक्यात दोन बारीक शेंगा जोडीने उभ्या राहतात. त्या हिरव्या असेपर्यंत बी कच्चं. पिवळट झाल्या, त्यावर गडद रेघा दिसू लागल्या की एक-दोन दिवसांत एका बाजूने उकलतात आणि काळं बारीक बी सांडतं. त्यामुळे रोज बघावं लागतं. शेंग हाताळल्यावर हात साबणाने धुवा, झाडाचा चीक विषारी असतो.

चिनी गुलाब. बोंडावर अगदी छोटं झाकण असतं. बोंड गवती रंगाचं झालं की नखाने झाकण उचलून बघा. ते सहज सुटलं आणि आत करड्या, चमकदार कणांचा थर दिसला तर तयार. हे बी इतकं बारीक असतं की पंखा बंद करून, पांढऱ्या कागदावरच काम करा.

कोंबडा. तुरा कागदी पिशवीत उलटा वाकवून हलवा. काळं चकचकीत बी टपटप पडलं तर तुरा कापा, नाही पडलं तर आणखी आठ दिवस थांबा.

सूर्यफूल. फुलाची पाठ पिवळी होऊन तपकिरी व्हायला लागली की कापायची वेळ. त्याआधीच पोपट येतात, म्हणून जाळी बांधा.

## 4. तोडणी: उडणाऱ्या बियांचा बंदोबस्त

बहुतेक बिया कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर, अकरा-बारानंतर तोडायच्या. पावसाच्या दुसऱ्या दिवशी नाही. सलग दोन दिवस उघडीप मिळाली की तिसऱ्या दिवशी तोडा.

तेरडा आणि अबोली मात्र बी उडवतात, आणि गंमत म्हणजे दोघांची रीत उलट आहे.

तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लागताच फुटतं. सकाळी थोडा ओलावा असताना ते जरा कमी तडतडतं. बोंड फुगीर, किंचित पिवळट आणि रेषा ताणलेल्या दिसल्या की एक हात खाली धरून दुसऱ्या हाताच्या मुठीत पूर्ण बोंड घ्या आणि मगच ओढा. साल गुंडाळून आत वळते, बिया मुठीत राहतात.

अबोलीचं बोंड पाणी लागलं की फुटतं. पहिला पाऊस पडला की अबोलीच्या वाळक्या कणसांतून टकटक आवाज येतो तो याचाच. म्हणून अबोलीचं वाळलेलं कणीस अगदी कोरडं असतानाच कापून घ्यायचं. ते स्टीलच्या डब्यात ठेवून ओल्या बोटांनी चार थेंब शिंपडा आणि झाकण लावा. थोड्या वेळात डब्यात बी उडून पडलेलं दिसेल. ते लगेच बाहेर काढून वाळवा. डबा तसाच राहिला तर बी कुजतं. अबोलीचं बी शक्यतो ताजंच पेरा, साठवण्यात तिचा भरवसा कमी आणि रुजायलाही ती वेळ लावते.

ज्यांना रोज झाडापाशी उभं राहायला वेळ नाही, त्यांनी जाळीच्या छोट्या पोटल्या वापराव्यात. हळदीकुंकवाला किंवा बारशाला भेट देण्यासाठी ज्या नाडीच्या नेटच्या पोटल्या वापरतात, त्याच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर त्या घाऊक मिळतात. बोंड हिरवं असतानाच पोटली चढवून नाडी ओढायची. बी पोटलीत पडतं, हवा खेळती राहते, चिमण्या-पोपटांपासूनही सुटका. प्लॅस्टिकची पिशवी मात्र कधीही बांधू नका, आत घाम धरून बोंड सडतं.

तपासा: तोडलेलं बी ज्या वाटीत ठेवलं तिच्यावर आत्ताच नावाची चिठ्ठी ठेवलीत का? ‘नंतर लिहू’ म्हटलं की झेंडूचा कुठला रंग कुठल्या वाटीत याचा पत्ता राहत नाही.

## 5. वाळवणं: मुंबईत सगळं इथे फसतं

बियांच्या साठवणुकीचा एक जुना ठोकताळा आहे: खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये आणि हवेची आर्द्रता टक्क्यांत, या दोन्हींची बेरीज 100 च्या आत हवी. आता जुलैतली मुंबई घ्या. तापमान 28-29 अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण 83 फॅरनहाइट, आणि आर्द्रता 80 च्या वर. बेरीज 160 च्या पुढे गेली. बी हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे बाहेर उघडं ठेवून ते अशा हवेत कितीही दिवसांत पुरेसं वाळणार नाही. दुसरा ठोकताळा असा की बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे वाळवण्यावर घेतलेली मेहनत फुकट जात नाही.

मुंबईत तोडणीची चांगली वेळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. परतीचा पाऊस गेलेला असतो आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचं कोरडं वारं सुटतं. म्हणून शक्य असेल तिथे पेरणीच अशी करा की बी या काळात पिकेल. जुलैत पेरलेल्या झेंडूची दसऱ्याला फुलं काढली आणि चार झाडावरच राखली, तर बी नोव्हेंबरात हाताशी येतं.

वाळवायची रीत अशी. स्टीलच्या ताटात किंवा चाळणीत वर्तमानपत्र घालून बी एकेरी थरात पसरा. सावलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवरचं स्टीलचं ताट हाताला चटका देतं, तिथे बी भाजून निघतं. 35 अंशांच्या वर जाऊ न देणं हा सरळ नियम धरा. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गॅसशेजारचा ओटा, सगळं वर्ज्य. दिवसातून दोनदा बी हलवा, कागद ओलसर वाटला तर बदला. हिवाळ्यात बारीक बियांना आठवडा, गोकर्ण-सूर्यफुलासारख्यांना दोन आठवडे लागतात. रात्री खिडकी लावून घ्या. समुद्राकडची खिडकी असेल तर विशेष, कारण दिवसभर वाळलेलं बी पहाटेपर्यंत पुन्हा ओलावा घेतं.

पावसाळ्यातच बी पिकलं तर? घरात एसी असेल तर रात्रभर त्या खोलीत ताट ठेवा, एसी हवेतलं पाणी काढून घेतो. नसेल तर भाजलेले तांदूळ वापरा. कोरड्या कढईत मंद आचेवर तांदूळ किंचित रंग बदलेपर्यंत भाजा, झाकणाच्या बरणीत भरून पूर्ण गार होऊ द्या. अर्धी बरणी तांदूळ, त्यावर कागदाच्या किंवा मलमलच्या पुडीत बी, झाकण घट्ट. गरम तांदळावर बी ठेवलं की संपलं. तीन-चार दिवसांनी तांदूळ नव्याने भाजून बदला.

सिलिका जेल मिळालं तर काम आणखी सोपं. बियांच्या वजनाइतकंच जेल बरणीत घाला, आठवडाभर बंद ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओलावा भरला की हिरवट होतं. निळ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नकोच. आणि बुटांच्या खोक्यातून निघालेल्या त्या पांढऱ्या पुड्या! त्या आपल्या हातात येईपर्यंत मुंबईची हवा पिऊन भरलेल्या असतात. त्या टाकून ‘जेल घातलंय’ असं समाधान मानू नका.

तपासा: झेंडूची काडी किंवा झिनियाचं बी बोटांत वाकवा. कट्कन मोडलं तर वाळलं, वाकून तसंच राहिलं तर नाही. गोकर्ण, गुलबक्षी यांवर नख रोवा, खूण उमटता कामा नये. मोडून बघता येणार नाही इतकं बारीक बी काचेच्या छोट्या बाटलीत रात्रभर बंद करून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून खूप ओलं आहे, पुन्हा ताटात.

## 6. साफ करणं

हे वाळवल्यानंतरच. ओल्या फुलातून बी ओरबाडून काढलं तर ते ठेचतं, शिवाय पाकळ्यांचा चोथा चिकटून राहतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

वाळलेली बोंडं हाताने चुरा, मोठ्या भोकांच्या चाळणीतून काडीकचरा वेगळा करा, मग चहाच्या गाळणीतून धूळ काढा. घरी सूप असेल तर पाखडण्यासारखं सुख नाही, फोल पुढे उडतं आणि भरलेलं बी मागे राहतं. सूप नसेल तर ताट तिरपं धरून हळू फुंकर मारा. झेंडूच्या पाकळ्या पूर्ण काढायची गरज नाही, सुकलेली शेंडी राहिली तरी चालते.

गोकर्णाच्या शेंगांत भुंगे निघतात. गोल भोक पडलेलं बी बाजूला काढा आणि उरलेलं दोन-तीन दिवस वेगळ्या बाटलीत ठेवून नजर ठेवा. एक भुंगा राहिला तरी पुढे बरणीत नुसता भुगा सापडेल. सफाईनंतर सगळं बी पुन्हा एक दिवस पंख्याखाली.

## 7. उगवण तपासा, मगच वाटा

ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. दहा बिया मोजून घ्या, ओल्या टिश्यू पेपरच्या घडीत ठेवा, घडी झाकणाच्या डब्यात. पेपर ओला हवा, निथळता नको. झेंडू, झिनिया, कॉसमॉस आठवड्यात कळतात, इतरांना दोन आठवडे द्या. दहापैकी सात रुजल्या तर बी उत्तम. पाच असतील तर पुडीत जास्त बिया घाला. तीनच्या खाली असेल तर वाटू नका, स्वतःच्या कुंडीत दाट पेरून टाका.

काही ठिकाणी ही परीक्षा फसवते. गोकर्ण, गणेशवेल आणि कर्दळीचं कवच टणक असतं, पाणी आतच जात नाही. बियांच्या डोळ्याच्या (बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला नखं घासायच्या कानसीने हलकं खरवडा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि मग तपासा. आणि सूर्यफुलाचं ताजं बी काही आठवडे झोपेत असतं. तोडल्यावर लगेच रुजलं नाही म्हणून फेकू नका, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघा. सदाफुलीला रुजताना अंधार लागतो, तिचा डबा कपाटात ठेवा.

## 8. साठवण

बी कागदाच्या पुडीत आणि पुडी हवाबंद काचेच्या बरणीत, तळाशी जेल किंवा भाजलेले तांदूळ. नुसती कागदी पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली तर वाळवण्याचे कष्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्यात. नुसती झिपची पिशवीही पुरत नाही, तिची कड सैल पडते.

बारीक बियांची पुडी बांधताना देवळातल्या अंगाऱ्याच्या पुडीची घडी आठवा. ती बरोबर घातली की कोपऱ्यातून कण सांडत नाही. स्टेपलर मारू नका, भोकं पडतात.

बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पण फ्रीजमध्ये ठेवणारे एक चूक हमखास करतात: गार बरणी काढून लगेच उघडतात. मुंबईच्या दमट हवेत त्या क्षणी आतल्या गार पुड्यांवर पाणी धरतं. बरणी बंदच बाहेर ठेवा, दोन-तीन तासांनी ती हाताला गार लागेनाशी झाली की मग उघडा, लागेल तेवढं काढा आणि ताबडतोब बंद करा.

थांबा: गुलबक्षीचं बी हुबेहूब काळ्या मिरीसारखं दिसतं आणि ते विषारी आहे. मसाल्याच्या रिकाम्या बरणीत, मसाल्यांच्या फळीवर, लहान मुलांच्या हाताला लागेल असं कधीही ठेवू नका. गोकर्णाचं बी पोटात गेलं तरी उलट्या-जुलाब होतात. कण्हेर आणि धोतऱ्याचं बी तर धरूच नका आणि कुणाला देऊही नका.

## 9. वाटणं

आधी स्वतःचं अर्धं बाजूला काढा. सगळं वाटून मोकळं झालेल्यांवर पुढच्या वर्षी त्याच लोकांकडे मागायला जायची वेळ येते, आणि बहुतेकांनी पेरलेलंच नसतं. एका पुडीत झेंडू-झिनियाचे दहा-पंधरा दाणे पुष्कळ. शंभर दिले की ते एकाच कुंडीत ओतले जातात.

पुडीवर इतकं तरी हवं:

> गोकर्ण, निळं, दुहेरी
> तोडणी: डिसेंबर 2025, मुलुंड, पूर्वेची बाल्कनी
> मूळ: घरचं, संकरित नाही
> उगवण: 10 पैकी 8 (खरवडून, रात्रभर भिजवून)
> पेरणी: फेब्रुवारी किंवा जून
> बी पोटात घेऊ नये

‘मूळ’ ही ओळ सगळेच टाळतात. नर्सरीच्या रोपाचं बी असेल तर ‘नर्सरीचं रोप, जात माहीत नाही’ असं लिहा. तेवढ्याने घेणाऱ्याची अपेक्षा जागेवर राहते.

कधी द्यायचं, यालाही महत्त्व आहे. हळदीकुंकवाचं वाण म्हणून बियांच्या पुड्या द्यायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे, आणि संक्रांत ते रथसप्तमी हा काळ बियांच्या दृष्टीने उत्तमही आहे, बी नुकतंच वाळलेलं असतं. अडचण अशी की घेणारी बाई ते पर्समध्ये टाकते आणि पुडी थेट पावसाळ्यात बाहेर येते. तोवर एप्रिल-मेच्या उकाड्यात ती कपाटात शिजलेली असते. म्हणून वाणात तेच द्या जे फेब्रुवारीतच पेरता येईल: सूर्यफूल, झिनिया, चिनी गुलाब, कोंबडा, गोकर्ण. तेरडा आणि गणेशवेल मेच्या शेवटी द्या, झेंडू जूनअखेर. थंडीतली फुलं, म्हणजे अ‍ॅस्टरसारखी, गणपती उठल्यावर.

सोसायटीत बियांची पेटी ठेवायची असेल तर ती गेटवर वॉचमनच्या केबिनबाहेर नको, तिथे पावसाची झड येते. जिन्याखालच्या कोरड्या जागेत झाकणाची बरणी ठेवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती बंदच ठेवा. अर्धी पुडी परत टाकायला परवानगी देऊ नका. कुठली पुडी कुठे भिजली हे मग कळत नाही.

पावसाळी ट्रेकला जाताना बियांचे गोळे करून डोंगरावर फेकणारे गट दिसतात. हेतू चांगला असेल, पण घरच्या फुलांचं बी त्यात घालू नका. पिवळा-नारिंगी कॉसमॉस सह्याद्रीतल्या रस्त्यांच्या कडेला आधीच माजलाय आणि तो स्थानिक रानफुलांची जागा खातो. आरे, संजय गांधी उद्यान, कर्नाळा, कुठेही नाही. कुंडीतलं बी कुंडीतच जाऊ द्या. उलट दिशेनेही तेच: कासच्या पठारावरून किंवा रानातून बी तोडून आणायचं नाही.

टपालाने पाठवताना बी नुसत्या पाकिटात घातलं तर वर्गीकरणात आणि शिक्के मारताना ते चिरडतं, गुलबक्षीचं तर पीठ होतं. पुडी दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने बसवा, बाहेरून प्लॅस्टिकचं पाकीट, मग लिफाफा. जून ते सप्टेंबर पाठवणं टाळा. हे सगळं देशातल्या देशात. अमेरिकेतल्या मुलीला किंवा भावाला सहज म्हणून पत्रात बी घालून पाठवू नका. बहुतेक देशांत बियांसोबत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नाहीतर ती जप्त करून नष्ट करतात. परदेशातून भारतात बी आणायलाही 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू आहेत, त्यामुळे सामानात लपवून आणलेली परदेशी बियांची पुडी कुणी दिलीच तर ती न पेरलेली बरी.